लाकूड घ्यावे पारखून, हत्यार घ्यावे तपासून

आमच्या वस्तीतील विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका चालते. दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षांची मुले-मुली तिथे रात्री साडेदहा-अकरापर्यंत बसतात. चार वर्षांपूर्वी या अभ्यासिकेसाठी ग्रंथांचे एक चांगले कपाट करावयाचे ठरले. वस्तीतून वर्गणी गोळा केली. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींनी पन्नास-पन्नास रुपये दिले, ऑटो चालविणाऱ्या बांधवांनी शंभर-शंभर दिले, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी एकदम दोन हजार दिले. सगळे मिळून २२ हजार ४५० रुपये जमले. मंडळाचा हिशेब आमच्याकडे, त्यात आम्ही बी.कॉम. झालेलो. तेव्हा ‘तुम्हीच पाहा भाऊ’ असे म्हणून कपाट करून घेण्याचे कामही आमच्याच गळ्यात पडले.

आम्ही पाहिले ते कारकुनासारखे. तीन ठिकाणांहून दरपत्रके मागविली, सर्वांत कमी दराचे मंजूर केले, पावती फाईलला लावली. कचेरीत हीच रीत असते आणि तीच बरोबर, असे आम्हाला वाटत होते. कपाट आले. सागवानाचे, तपकिरी रंगाचे, आरशासारखे पॉलिश. १४ एप्रिलला त्यात ग्रंथ मांडले. सगळ्यांनी कौतुक केले.

जुलैत दारे अडकू लागली. ओढून ओढून एक मूठ हातात आली. दिवाळीनंतर तीच दारे सैल झाली व मधल्या फळीला वीतभर चीर गेली. पुढच्या उन्हाळ्यात विहार झाडणाऱ्या मावशींनी आम्हाला हाक मारली. म्हणाल्या, “भाऊ, या कपाटाखाली रोज पीठ सांडते. मी रोज झाडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच.” पाहतो तो फिकट पिवळे, मैद्यासारखे बारीक पीठ, आणि खालच्या फळीला टाचणीने टोचावीत तशी भोके.

त्या महिन्याच्या बैठकीत हा विषय निघाला. कोणी रागावले नाही. पण मागे बसलेली एक म्हातारी आई म्हणाली, “म्हणजे आमचे पन्नास रुपये किड्यांनी खाल्ले म्हणायचे.” आम्ही पावती दाखविली. पावतीवर ‘सागवान’ असेच लिहिलेले होते. पावती बरोबर होती, लाकूड बरोबर नव्हते.

आमच्या मागच्या गल्लीत जन्मभर सुतारकाम केलेले एक वृद्ध मिस्त्री राहतात. त्यांना बोलावून आणले. त्यांनी खिशातून लहानशी पटाशी काढली, दाराच्या आतल्या बाजूला नखाएवढी जागा खरवडली आणि नुसते आमच्याकडे पाहिले. वरचा तपकिरी रंग निघाला, खाली लाकूड पांढरेफटक. “सागवानच आहे बाबू, खोटे नाही,” ते म्हणाले. “पण सागवानाचा गाभा दुसऱ्याच्या घरी गेला आणि साल तुमच्या घरी आली.”

त्यानंतर वर्षभर आम्ही या मिस्त्रीकाकांच्या मागे मागे फिरलो. नागपुरातील लकडगंजच्या वखारी पाहिल्या, इतवारीतील हार्डवेअरची दुकाने पाहिली, शनिवारच्या जुन्या बाजारातही बसलो. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेख. आपल्या घरांत लाकडाची वस्तू वारंवार होत नाही. लग्नात एक दिवाण, एक कपाट, घर बांधताना दाराची चौकट. त्यासाठी भिशी मोडली जाते, पतपेढीचे कर्ज निघते.

झाडाचा बुंधा आडवा कापला की दोन रंग दिसतात. मध्यभागी गडद, तो गाभा. सालीजवळ फिकट कडे, त्याला वखारीत ‘सॅप’ म्हणतात. जिवंत झाडात याच फिकट भागातून पाणी वर चढते व याच भागात पिठूळ अन्न साठलेले असते. ते अन्न हेच त्या बारीक भुंग्याचे खाणे. बांबूच्या जुन्या सुपातून जे पीठ गळते तो त्याच जातीचा प्रकार. सागवानाच्या गाभ्यात मात्र झाडाने स्वतःच तेलकट, कडवट द्रव्ये भरून ठेवलेली असतात, म्हणून वाळवी व किडा त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. सागवानाचे सगळे नाव आहे ते या गाभ्याचे. सॅपचा भाग साध्या आंब्याच्या लाकडाइतकाच नाशवंत.

आता अडचण अशी की, लागवडीतील कोवळी झाडे लवकर तोडली की त्यांत गाभा कमी आणि सॅप जास्त. आपल्याकडील चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील जुन्या सागवानाला व्यापारात आजही ‘सी.पी. टीक’ म्हणतात. जुन्या मध्य प्रांताचे नाव लाकडाला चिकटून राहिले आहे. आलापल्ली, बल्लारशाह ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. मे २०२३ मध्ये दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, त्यातील सागवान आपल्या नागपूरहून गेलेले आहे. पण असे लाकूड वनविभागाच्या आगारात लिलावाने, थप्प्या थप्प्यांनी विकले जाते. आपल्यासारख्या पाच-सहा घनफूट घेणाऱ्याला वखारीचीच पायरी चढावी लागते. तेव्हा वखारीत उभे राहून काय पाहावे, हे महत्त्वाचे.

पहिली गोष्ट, पॉलिश झालेले किंवा रंग चढविलेले लाकूड विकत घेऊ नये. कोरे, करवतीचे लाकूड पाहावे. फळीची सपाट बाजू दुकानदार दाखवितो, आपण तिचे टोक पाहावे. टोकाला रंगाचे खरे चित्र दिसते. फिकट कडा किती इंच आहे ते मोजावे. शंका आली तर वखारवाल्याला सांगून टोकाचा पाव इंच कापून घ्यावा; चांगला वखारवाला नाही म्हणत नाही. ताज्या कापलेल्या सागवानाला जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि हाताला किंचित तेलकट लागते. आम्ही पहिल्यांदा वास घेतला तेव्हा लाज वाटली, वखारीतली मुले हसत होती. आता वाटत नाही.

वलये रुंद असली की लाकूड कच्चे, असे बहुतेक मिस्त्री सांगतात. सागवानाच्या बाबतीत हे तितकेसे खरे नाही. भराभर वाढलेले सागवानही मजबूत असू शकते. त्यातील खोट ती सॅपची. तेव्हा वलयांपेक्षा रंग पाहावा. गाठी मात्र पाहाव्यात. भोवतालच्या लाकडाशी एकजीव झालेली लहान गाठ चालते; काळी, कडेने सुटलेली गाठ पुढे खिळ्यासारखी निखळून पडते. मग फळी डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी तिच्या कडेने नजर टाकावी. बाक आहे की पीळ आहे ते लगेच कळते. थोडा बाक रंध्याने निघतो. पिळलेली फळी निघत नाही, ती परत द्यावी.

दुसरी गोष्ट ओलीची. आमच्या कपाटाची दारे अडकली ती या कारणाने. तोडलेल्या झाडात पाणी फार असते. त्यातील मोकळे पाणी निघून जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. वजनाच्या हिशेबाने ओल तिसाच्या आसपास टक्क्यांवर आली की तिथून पुढे ते आकसू लागते. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र चांगलेच. घरातल्या सामानासाठी ओल साधारण ८ ते १२ टक्के असावी. कोकण-मुंबईच्या दमट हवेत थोडी अधिक चालते. सागवान हे आकसण्या-फुगण्यात फार शांत लाकूड, तरीही एक फूट रुंदीची फळी ओल सहा टक्क्यांनी वाढताच सुमारे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फुगते. आमच्या नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी ठक्क आणि जुलैत ओलीचिंब. मेमध्ये दार चौकटीत घट्ट बसविणारा सुतार जुलैत शिव्या खाणारच. उन्हाळ्यात दार बसविताना फट ठेवायला सांगावे आणि पावसाळ्यात केलेल्या दाराला पुढे फट पडली तर रुसू नये.

मोठ्या वखारीत दोन सुया टोचून ओल सांगणारे यंत्र असते, ते लावून दाखवा म्हणावे. नसेल तर आम्ही केला तसा प्रयोग करता येतो. फळीच्या टोकापासून फूटभर आत (टोक नेहमी जास्त सुकलेले असते, ते फसविते) एक तुकडा कापून घेतला. किराणा दुकानाच्या काट्यावर तो २३० ग्रॅम भरला. मग आमच्या चौकातील बेकरीवाल्या भाऊंच्या भट्टीच्या वरच्या गरम कट्ट्यावर तो ठेवला व रोज संध्याकाळी वजन केले. चौथ्या दिवशी २०० ग्रॅमवर तो थांबला, पुढे उतरेना. गेलेले पाणी ३० ग्रॅम, सुके लाकूड २००, म्हणजे ओल १५ टक्के. ती फळी आम्ही लगेच कापली नाही, विहाराच्या माडीवर पट्ट्यांच्या आधाराने हवा खेळेल अशी रचून ठेवली. हवेवर सुकविण्याचा मिस्त्रींचा ठोकताळा इंच जाडीला एक वर्ष, असा आहे. भट्टीत सुकविलेले लाकूड मिळाले तर वेळ वाचतो, पण भावही वाढतो.

तिसरी गोष्ट मापाची, आणि इथे आम्हा कारकून माणसांना थोडे बोलता येईल. लाकूड घनफुटावर विकले जाते. कापलेल्या फळीची लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घ्यावी, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागावे. ७ फूट लांब, ६ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ६३ भागिले १४४, ०.४३७५ घनफूट. अशा १२ फळ्या घेतल्या तर सव्वापाच घनफूट. आता आमच्या पहिल्या पावतीवर जाडी दीड इंच लिहिली होती आणि कपाटाच्या फळ्या मोजल्या तर भरल्या सव्वा इंच. रंधा मारून थोडे जाते हे मान्य, पण दोन्ही बाजूंनी मिळून पाव इंच रंध्यात जात नाही. सव्वा इंचाने हिशेब केला तर त्याच १२ फळ्या होतात ४.३७५ घनफूट. पाऊण घनफुटाहून जास्त लाकूड आम्ही नुसते कागदावर विकत घेतले होते. तेव्हा टेप आपला असावा, जाडी तीन ठिकाणी मोजावी आणि गुणाकार तिथेच उभे राहून करावा. शाळेत जाणारा मुलगा-मुलगी बरोबर असेल तर त्यांच्याकडून करून घ्यावा.

गोल ओंडक्याचे माप निराळे. मधला घेर मोजून त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे. चार फूट घेराचा दहा फुटी ओंडका या रीतीने १० घनफूट होतो. खऱ्या भूमितीने तो पावणेतेराच्या जवळ जातो. मधला फरक हा भुशाचा व सालीच्या तुकड्यांचा आहे, असे समजावे.

प्रत्येक कामाला सागवानच पाहिजे असे नाही. आपल्या लोकांत ‘सागवान नाही म्हणजे हलके’ अशी एक समजूत बसली आहे आणि तिचा फायदा दुकानदार घेतात. शिवणीचे लाकूड हलके आणि शांत. ड्रॉवर व लहान दारांना फार चांगले. बीजा मजबूत आणि टिकाऊ. बाभूळ कठीण, हत्यारांच्या मुठी, मोगरी, खाटेचे पाय यांना तिच्यासारखे दुसरे लाकूड नाही, पण रुंद फळीला ती फुटते. आंबा स्वस्त, मात्र किड्याचा लाडका. त्याचे काम करायचेच तर बोरिक पावडर व बोरॅक्सच्या द्रावणाची प्रक्रिया झालेले घ्यावे. रबराच्या झाडाचे लाकूडही असेच, प्रक्रिया केलेलेच चांगले. खोकी व पॅलेटचे पाइन लाकूड पुष्कळ ठिकाणी स्वस्तात मिळते आणि त्याच्या मांडण्या छान होतात. परदेशी मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ अशी इंग्रजी अक्षरे असतील तर ते उष्णतेने निर्जंतुक केलेले असते, ते घ्यावे; ‘एमबी’ अक्षरे म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेली, ते घरात आणू नये.

लग्नसराईत विकले जाणारे झगमगीत दिवाण आणि कपाटे पुष्कळदा लाकडाची नसतातच. भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळीवर लाकडाच्या चित्राचा कागद असतो. बिजागरीचा स्क्रू काढून भोकात पाहिले की भुसा दिसतो. कोरड्या घरात, कमी ओझ्याला ती वाईट नाही. पण ज्यांच्या घरात पावसाळ्यात भिंती पाझरतात त्यांनी ती घेऊ नये, एकदा फुगली की पुन्हा बसत नाही.

सर्वांत चांगले लाकूड आम्हाला वखारीत मिळाले नाही. महाल भागात एक जुना वाडा पाडत होते, तिथे मिळाले. तुळया आणि कड्या, धुराने काळ्या पडलेल्या, वर चुन्याचे थर. मिस्त्रीकाकांनी एका कडीवर पटाशी मारली आणि आतून सोनेरी तपकिरी रंग उघडला. पन्नास-साठ उन्हाळे-पावसाळे पाहिलेले लाकूड, ते आता आणखी कुठे आकसणार? भावही नव्याच्या निम्म्याहून कमी पडला. एकच गोष्ट सांभाळावी लागली, ती खिळ्यांची. सॉमिलवाला लाकूड आत घेण्याआधीच विचारतो, “खिळे काढले काय?” पट्ट्यावर खिळा आला की त्याचे पाते जाते आणि भरपाई आपल्याकडून घेतो. आम्ही जुन्या स्पीकरचे लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक कडीवरून दोनदा फिरविले. एकूण ६१ खिळे निघाले, त्यातले काही बोटभर लांब.

या दुसऱ्या कपाटासाठी आम्ही वर्गणी मागितली नाही. दिवाळीच्या बोनसमधले आठ हजार घातले. घरी सौ. काही बोलल्या नाहीत, पण त्या वर्षी साडी घेतली नाही, हे आमच्या लक्षात आहे. पहिल्या कपाटातील जे चांगले भाग होते ते पाठीमागच्या बाजूला वापरले.

कपाट करण्यात मिस्त्रीकाकांच्या हाताखाली वस्तीतलाच एक मुलगा होता. आय.टी.आय.मधून सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून आलेला. बाप म्हणत होता, परीक्षा दे, कारकून हो, भाऊंसारखा. गावगाड्यात सुताराचे बलुते वेगळे आणि आपले वेगळे होते. वाकस हातात धरण्याचा अधिकारही जन्मावर ठरत असे. आपला मुलगा आज सरकारी संस्थेतून प्रमाणपत्र घेऊन रंधा मारतो यात कमीपणा कसला, असे आम्ही त्या बापाला विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. आमच्या स्वतःच्या मुलाला आम्ही आय.टी.आय.ला घातले असते काय, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, ही त्यांची सज्जनता.

मुलगा ठेकेदाराकडे रोजीने जात होता. हत्यारे ठेकेदाराची, म्हणून रोजी कमी. स्वतःची हत्यारे असती तर स्वतःची कामे घेता आली असती. त्याची आई खासगी दवाखान्यात आया आहे. तिची भिशी लागली, नऊ हजाराची. ती म्हणाली, “याला हत्यारे घेऊन द्या दादा, पण मागच्यासारखे नको.” आम्ही मान खाली घालून हो म्हटले.

मुलाच्या मनात मोबाईलवर पाहिलेली शंभर नगांची पेटी होती, ड्रिल मशीनसकट. मिस्त्रीकाका म्हणाले, “शंभरात दहा कामाचे निघाले तर मला सांग.” त्यांनी त्याला यादी लिहायला लावली आणि ती यादी एका बोटावर मोजण्याइतकी लहान होती: गुण्या, टेप, दोन करवती, एक रंधा, चार पटाश्या, हातोडी, मोगरी, धारेचा दगड आणि दोन शिकंजे. त्यांचे म्हणणे असे की, नव्या माणसाने थोडी घ्यावीत, पण अशी की मुलाच्या मुलाला देता येतील.

गुण्या दुकानातच तपासला. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून पेन्सिलीने रेघ ओढली, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढली. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. पहिले तीन गुण्ये खोटे निघाले, चौथा खरा. दुकानदार म्हणाला, वीस वर्षांत असे कोणी तपासले नाही. टेपच्या टोकाची पत्र्याची चिमटी थोडी हलते, ती मात्र खोट नव्हे. आतले माप आणि बाहेरचे माप दोन्ही बरोबर यावे म्हणून ती स्वतःच्या जाडीइतकी मुद्दाम सैल ठेवलेली असते. आम्ही घरचा एक टेप याच कारणाने ‘बिघडला’ म्हणून फेकला होता.

करवतीचे पाते हाताने वाकवून सोडले. चांगले पाते सुरकन सरळ होते, हलके पाते वाकलेलेच राहते. लाकूड उभे, रेघांच्या दिशेने चिरायला इंचाला पाच-सहा दातांची आणि आडवे कापायला दहा-बारा दातांची, अशा दोन घेतल्या. एकाच करवतीत दोन्ही कामे करणारा माणूस दोन्ही कामे वाईट करतो, असे काकांचे मत आहे.

पटाश्यांवर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंच, एवढ्या चार पुरतात. पाहायची ती पाठ, धारेची सपाट बाजू. तिथे गंजाचे खड्डे असतील तर धार कधीच नीट लागत नाही. पोलाद कसे आहे ते पाहायला काकांनी बारीक कानस काढली आणि धारेजवळ हलकेच ओढली. कानस काचेवरून सरकावी तशी सरकली तर पोलादाला पाणी चांगले दिलेले आहे. कानस रुतली तर ते नुसते लोखंड. नव्या, रंगीत मुठींच्या सहा पटाश्यांच्या संचात कानस लोण्यासारखी रुतली. शनिवारच्या बाजारात रद्दी लोखंडाच्या ढिगाऱ्यात मूठ तुटलेल्या दोन जुन्या पटाश्या सापडल्या, त्यांवर कानस सरकली. दोन्ही मिळून दीडशे रुपयांत. बाभळीच्या मुठी मुलाने स्वतः केल्या.

रंधा लोखंडी, जुनाच घेतला. तळाला पोलादी पट्टी लावून उजेडासमोर धरला. टोकाला, पात्याच्या तोंडाशी आणि मागे पट्टी टेकली पाहिजे. मध्ये केसभर उजेड दिसला तरी चालतो. तळाला तडा असेल तर फुकट दिला तरी घेऊ नये. हातोडीच्या दांड्यातील रेघा उभ्या, टोकापासून टोकापर्यंत जातात ना, ते पाहिले. तिरप्या रेघांचा दांडा एक दिवस तुटून डोके उडते.

आणि धारेचा दगड. कोरी पटाशी दुकानातून येते ती कामाला तयार नसते. पाठ आधी दगडावर सपाट करायची, मग पंचवीस अंशांवर उतार आणि टोकाशी तीस अंशांची बारीक धार. मुलाने दोन रात्री हेच केले. तिसऱ्या रात्री त्याने हातावरचे केस काढून दाखविले तेव्हा आई ओरडली.

सर्व मिळून ७ हजार २४० रुपये झाले. उरलेल्यातून काकांनी चष्मा आणि नाकाला बांधायचा चांगला मास्क घ्यायला लावला. हे त्यांनी आधी कधी वापरले नव्हते. रात्री ते खोकतात, ते आम्ही ऐकले आहे. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदविले आहे. ड्रिल मशीन पुढच्या खेपेला.

या ठिकाणी एक माहिती द्यावीशी वाटते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत १८ हस्तव्यवसाय आहेत, त्यांत सुतारकाम आहे. ही जातीची योजना नव्हे. हाताने व हत्याराने स्वतःचा धंदा करणारा, १८ वर्षे पूर्ण झालेला कोणीही अर्ज करू शकतो. मात्र कुटुंबातील एकच, आणि घरात सरकारी नोकर नसावा. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. नोंदणी सी.एस.सी. केंद्रावर होते. नाव पाहून ‘ही आपली नाही’ असे म्हणून आपली मुले मागे राहतात, म्हणून मुद्दाम लिहिले. आमच्या मुलाची नोंदणी झाली आहे.

कपाटाचे राहिले. ग्रंथांचे ओझे फार असते. एका फुटात उभी पुस्तके साधारण दहा किलो भरतात आणि बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाडजूड खंड त्याहून अधिक. म्हणून काकांनी फळी अडीच फुटांहून लांब ठेवू दिली नाही आणि जाडी इंचभर ठेवली. फळीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, हे त्यांना गणिताने ठाऊक नव्हते, हाताने ठाऊक होते. कोपऱ्यांना खिळे नाहीत, कुसू आणि खाच. कपाट दगडी पायांवर चार इंच उचललेले आणि भिंतीपासून तीन बोटे दूर, म्हणजे वाळवी आली तर चढताना दिसेल. दारांना आत-बाहेर फुगायला जागा ठेवलेली आहे.

यंदाचा हा त्याचा दुसरा पावसाळा. परवा सकाळी आम्ही विहारात गेलो तर मावशी झाडत होत्या. कपाटाखाली त्यांनी पांढरा कागद अंथरून ठेवला आहे, पीठ पडले तर लगेच दिसावे म्हणून. कागद कोरा होता. आमच्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या, “रोज पाहते मी.” बाजूला तो मुलगा खिडकीची चौकट बसवीत होता. रंगाचा डबा उघडायला कोणीतरी त्याच्या पेटीतली एक इंची पटाशी उचलली, तर त्याने ती हातातून काढून घेतली आणि त्या माणसाला एक जुना खिळा दिला.